दरवाज्यांचा हिशेब : कोक भट्ट्यांचे अनुपालन अहवाल कसे वाचावेत

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आम्हाला पहिला प्रश्न आला तो असा : पुण्यात कोक भट्टी आहे कुठे, की तिच्यावर पुण्यात बसून तासभर बोलायचं? प्रश्न रास्त आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पुणे शहरात कोक तयार होत नाही. पण कोकशिवाय पुण्याचं पान हलत नाही. इंजिनाचा ब्लॉक, पंपाचं केसिंग, ट्रॅक्टरचे भाग, हे सगळं बिडाचं ओतकाम. बीड येतं पिग आयर्नमधून, पिग आयर्न येतं झोतभट्टीतून आणि झोतभट्टी चालते कोकवर. किर्लोस्कर फेरस या कंपनीचं मुख्यालय पुण्यात आहे, तिच्या कोक भट्ट्या मात्र कर्नाटकात, कोप्पळ जिल्ह्यातल्या बेविनहळ्ळीला. कल्याणी स्टील्सचं कार्यालय मुंढव्यात आणि पोलादाचा कारखाना त्याच कोप्पळ जिल्ह्यात, गिणिगेऱ्याला. आपल्या राज्यात बघायचं तर रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यात डोलवीचा जेएसडब्ल्यूचा कारखाना आहे, मुंबई-गोवा रस्त्याने जाताना दिसतो. गोव्यात डिचोली तालुक्यात आमोणे गावी सेसा गोवाच्या, म्हणजे आता वेदांताच्या, कोक भट्ट्या आहेत.

म्हणजे बघा, हिशेब पुण्यात, ओतकाम पुण्यात, आणि धूर कोप्पळला, डोलवीला, आमोण्याला. आणखी एक गोष्ट पुण्यात आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ २०१३ पासून पुण्यात बसतं. डोलवीचा किंवा आमोण्याचा माणूस दाद मागायला इथे येतो. कोप्पळच्या माणसाला मात्र इथे येता येत नाही, कारण कर्नाटक दक्षिण विभागात मोडतं. त्याने जायचं चेन्नईला. कंपनीचं मुख्य कार्यालय पुण्यात असलं तरी. यात कुणाचं कारस्थान नाही, नकाशावर रेघा अशा पडल्या आहेत. पण पुण्यात या विषयावर बोलायला हे कारण पुरेसं आहे, असं आम्हाला वाटतं.

आता आजचं काम काय ते सांगतो. आम्ही कुठल्या एका कारखान्यावर आरोपपत्र ठेवायला आलेलो नाही. आम्ही समीक्षा करणार आहोत, आणि ती एका लेखनप्रकाराची. त्याचं नाव सहामाही अनुपालन अहवाल. पर्यावरणीय मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाने २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला हा अहवाल द्यायचा असतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे, कुणीही वाचावा असा. आणि आमचा अनुभव असा, की तो कुणीही वाचत नाही. कविता वाचणारे थोडे, पण आहेत. या अहवालांना वाचकच नाही. ज्या लेखनाला वाचक नसतो त्याचं काय होतं, हे आपण आज पाहू.

भट्टीला दरवाजे किती?

त्याआधी कोक म्हणजे काय, ते थोडक्यात. दगडी कोळसा हवा न लागू देता तापवायचा, हजार अंशांच्या पुढे, पंधरा-वीस तास. कोळसा जळत नाही, भाजतो. त्यातला वायू, डांबर, बेंझीन, अमोनिया बाहेर पडतो आणि मागे कडक, सच्छिद्र कार्बन उरतो. तो कोक. भट्ट्या एकेकट्या नसतात. अरुंद, उंच, खोल कप्पे एकाला एक लागून उभे असतात, वहीची पानं उभी ठेवावीत तसे. अशा रांगेला बॅटरी म्हणतात. प्रत्येक कप्प्याला दोन दरवाजे, समोरासमोर. वर झाकणं, त्यांतून कोळसा ओततात. एका दरवाज्यातून यंत्राचा दांडा आत जातो आणि लालबुंद कोक दुसऱ्या दरवाज्यातून ढकलून बाहेर काढतो. मग तो पाण्याने विझवतात, किंवा नव्या कारखान्यांत नायट्रोजनच्या प्रवाहात थंड करतात.

आता प्रदूषण कुठून होतं? आपल्या डोळ्यांपुढे लगेच उंच चिमणी येते. शाळेतल्या चित्रकलेच्या वहीपासून प्रदूषण म्हणजे चिमणी. कोक बॅटरीलाही चिमणी असते. पण कोकचा सगळ्यात घातक धूर चिमणीतून जात नाही. तो दरवाज्याच्या फटीतून येतो, झाकणाच्या कडेने येतो, कोळसा भरताना येतो, कोक ढकलताना येतो. दरवाजा म्हणजे लोखंडी चौकटीवर लोखंडी कड दाबून बसवलेली. फट राहिली की पिवळसर, डांबरी धूर सुटतो. ती फट बुजवायची कशी? दर वेळी दरवाजा उघडला की चौकटीवरचं डांबर खरवडून काढायचं. हे काम काही ठिकाणी यंत्र करतं, काही ठिकाणी माणूस लांब सळई घेऊन करतो. समोर हजार अंशांची उघडी भट्टी असते.

एक साधं गणित करू. समजा बॅटरीत ६० भट्ट्या आहेत. म्हणजे १२० दरवाजे. वीस तासांचं चक्र धरलं तर दिवसाला ७२ भट्ट्या रिकाम्या होतात, म्हणजे दरवाजा उघडून पुन्हा लावण्याच्या १४४ वेळा. सहा महिन्यांत सव्वीस हजारांच्या वर. प्रत्येक वेळी ती कड नीट साफ झाली का, दरवाजा नीट बसला का, यावर गावात काय पोचणार ते ठरतं. नियमपालन म्हणजे हे सव्वीस हजार प्रसंग. आता ही संख्या डोक्यात ठेवा आणि अहवालाकडे वळा.

नियम काय म्हणतो

अहवालावर टीका करण्याआधी नियमाला न्याय दिला पाहिजे. कारण आपला नियम मूर्ख नाही. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या अनुसूचीत कोक भट्ट्यांची वेगळी मानकं आहेत. २०१२ मध्ये एकात्मिक पोलाद कारखान्यांची मानकं आली, त्यातही ती आहेत. लिहिणाऱ्याला भट्टी ठाऊक होती, हे वाचताना जाणवतं. त्याने फक्त चिमणी मोजलेली नाही. नव्या बॅटरीत गळणारे दरवाजे शंभरात पाचपेक्षा जास्त नकोत, जुन्या बॅटरीत दहापेक्षा जास्त नकोत. गळणारी झाकणं शंभरात एकपेक्षा जास्त नकोत. वायू वर नेणाऱ्या नळांची गळकी तोंडं शंभरात चारपेक्षा जास्त नकोत. कोळसा भरताना किती सेकंद धूर दिसला, हेही मोजायचं. आपल्या १२० दरवाज्यांच्या नव्या बॅटरीत याचा अर्थ एका वेळी सहा दरवाजे गळलेले चालतील. सातवा नाही.

हे वाचून आम्हाला खरंच आनंद झाला होता. सरकारी नियमात इतकं हातावरचं, डोळ्यासमोरचं काही असतं, याची आपल्याला सवय नाही.

पण दोन ठिकाणी थांबायला हवं. पहिलं म्हणजे, मानकाच्या मथळ्यातच लिहिलंय की हे उपउत्पादनं गोळा करणाऱ्या भट्ट्यांसाठी आहे. दुसऱ्या पद्धतीत वायू गोळा करत नाहीत, भट्टीच्या आतच जाळतात आणि उष्णतेवर वीज करतात. आमोण्याच्या आणि बेविनहळ्ळीच्या कारखान्यांत अशी वीज होते. या भट्ट्यांच्या आत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी असतो, त्यामुळे फट राहिली तर धूर बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. हा खरा फायदा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण भरताना आणि ढकलताना भट्टी उघडतेच. तेव्हा काय मोजायचं, हे मुख्यत्वे त्या कारखान्याच्या मंजुरीच्या अटींत आणि संमतीपत्रात शोधावं लागतं. दोन कारखान्यांची तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवा, नाहीतर आंबा आणि फणस एका तराजूत जातील.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. बेंझो-ए-पायरीन नावाचं एक रसायन कोळशाच्या डांबरी धुरात असतं. ते कर्करोगकारक आहे, याबद्दल आज वाद नाही. आपल्या २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांत त्याची वार्षिक मर्यादा आहे घनमीटरला १ नॅनोग्रॅम. आणि कोक भट्टीच्या मानकात बॅटरीच्या माथ्यावर, म्हणजे जिथे माणूस झाकणं उघडतो आणि लावतो तिथे, मर्यादा आहे ५ मायक्रोग्रॅम. एकक बदललं की आकडा लहान दिसतो. ५ मायक्रोग्रॅम म्हणजे ५,००० नॅनोग्रॅम. कुंपणाबाहेरच्या माणसाला १, बॅटरीवरच्या माणसाला ५,०००.

लगेच कुणी म्हणेल, ही तुलना बरोबर नाही. एक वर्षभराची सरासरी, दुसरी कामाच्या पाळीची. एकीत लहान मुलं, म्हातारे, आजारी सगळे आले, दुसरीत धडधाकट कामगार. हरकत मान्य. तरीही ५,००० पट हे अंतर पाळीच्या हिशेबाने भरून निघत नाही. आणि नियम पाळला गेला, तरी या माणसाच्या वाट्याला हे येऊ शकतं. आपण ज्याला अनुपालन म्हणतो त्याच्या आत बसवलेली ही असमानता आहे.

ही भीती कल्पनेतली नाही. काजळी आणि कर्करोग यांचा संबंध पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७५ मध्येच चिमण्या साफ करणाऱ्या पोरांमध्ये दाखवला होता. १९७१ मध्ये अमेरिकेत विल्यम लॉइड यांनी पिट्सबर्गच्या परिसरातल्या पोलाद कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॅटरीच्या माथ्यावर पाच किंवा जास्त वर्षं पूर्णवेळ काम केलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेच्या दहापट निघाले. बघा, कारखाना तोच, भट्टी तीच, फक्त उभं राहण्याची जागा वेगळी. तेवढ्यावर जीव अवलंबून. १९७६ मध्ये तिथे कोक भट्टी कामगारांसाठी स्वतंत्र नियम झाला, त्यामागे असे अभ्यास होते.

आता अहवाल वाचू

हा अहवाल दिसतो कसा? एक लांबलचक तक्ता. डाव्या रकान्यात मंजुरीपत्रातली अट, उजव्या रकान्यात तिचं पालन. डावीकडचं वाक्य पाच-सहा ओळींचं, कायदेशीर, सविस्तर. उजवीकडे बहुधा एक शब्द : ‘कम्प्लाइड’. नाहीतर ‘नोटेड’. नाहीतर ‘अग्रीड’. फार झालं तर ‘बीइंग कम्प्लाइड’. पुण्याच्या माणसाला हे ओळखीचं वाटावं. गृहपाठाच्या वहीत बाईंनी लाल शाईने लिहायचं ‘पाहिलं’, ते इथे विद्यार्थीच लिहितोय.

या प्रकाराची काही लक्षणं सांगतो. हे एका कंपनीबद्दल नाही. वेगवेगळे अहवाल चाळून जे साचे आमच्या ध्यानात आले ते हे.

पहिलं लक्षण, कर्ता नसतो. सगळी वाक्यं कर्मणी. ‘दरवाज्यांची नियमित साफसफाई केली जाते.’ कोण करतं? कंपनीचा कायम कामगार की ठेकेदाराचा? पाळीत किती माणसं? व्याकरणात कर्ता लपवला की जबाबदारीही लपते. मराठीत आपण म्हणतो ना, ‘काच फुटली’. कुणी फोडली ते म्हणत नाही.

दुसरं लक्षण, काळ नसतो. ‘केली जाते’ हा रीतीचा वर्तमानकाळ. सूर्य पूर्वेला उगवतो, तशी साफसफाई केली जाते. पण अहवाल आहे ठरावीक सहा महिन्यांचा. त्या सहा महिन्यांत काय घडलं, हे सांगायला भूतकाळ लागतो : अमुक तारखेला इतके दरवाजे पाहिले, इतके गळत होते, इतके दुरुस्त केले. भूतकाळात लिहिलं की ते खरं की खोटं तपासता येतं. रीतीच्या वर्तमानकाळाला कुणी खोटं पाडू शकत नाही. म्हणूनच गेल्या डिसेंबरचं वाक्य या जूनमध्ये जसंच्या तसं चालतं.

तिसरं लक्षण, जे मोजायला सोपं ते भरपूर. एकूण जागेच्या ३३ टक्के हरितपट्टा ही अट बहुतेक मंजुऱ्यांत असते. त्याचे फोटो असतात, रोपांची संख्या असते, जातींची नावं असतात, करंज, कडुनिंब, बहावा. झाडं हवीतच, झाडांशी आमचं भांडण नाही. पण पानंच्या पानं झाडांवर आणि एक ओळ दरवाज्यांवर, हे प्रमाण काही सांगतं की नाही?

चौथं लक्षण म्हणजे ‘बीडीएल’. प्रयोगशाळेच्या तक्त्यात बेंझो-ए-पायरीनसमोर पुष्कळदा ही तीन अक्षरं दिसतात. अर्थ असा, की उपकरणाला कळेल त्या मर्यादेच्या खाली. पण उपकरणाची मर्यादा किती? ती दिली नसेल तर ‘बीडीएल’ला अर्थच नाही. समजा मानक १ नॅनोग्रॅमचं आणि उपकरणाला कळतं ५ नॅनोग्रॅमच्या पुढचं. मग चार नॅनोग्रॅम असतानाही ‘बीडीएल’ हे प्रामाणिक उत्तर ठरतं. इथे कुणी खोटं बोललेलं नाही. आणि वाचकाला खरंही कळलेलं नाही.

पाचवं लक्षण, चिमणी. २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर सतत मोजणारी यंत्रं बसवायला सांगितलं. आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर जातात. पाऊल चांगलं होतं. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की चिमणीचं मोजमाप चोवीस तास आणि दरवाज्यांचं सहा महिन्यांतून एका ओळीत. घराच्या पुढच्या दाराला कॅमेरा लावला आणि मागचं दार सताड उघडं ठेवलं, तसं हे.

आता मूळ मुद्दा. आमचं म्हणणं असं नाही की कोक कारखाने नियम पाळत नाहीत. काही पाळत असतील, उत्तम पाळत असतील. आमचं म्हणणं असं, की हा अहवाल वाचून ते कळत नाही. चांगला कारखाना आणि वाईट कारखाना यांचे अहवाल एकसारखे दिसतात. ज्याने दरवाज्यांवर पैसे आणि माणसं घातली, त्याच्याही पुढे ‘कम्प्लाइड’, ज्याने नाही घातली त्याच्याही पुढे ‘कम्प्लाइड’. हा चांगल्या कारखान्यावरही अन्याय आहे. ज्या परीक्षेत सगळ्यांना एकच गुण मिळतात तिथे अभ्यास कोण करणार?

डोळ्याने मोजता येतं

यावर एक उत्तर नेहमी मिळतं : दरवाज्यांची गळती मोजायची कशी, तिथे काही यंत्र बसत नाही. यंत्र बसत नाही, हे खरं. पण मोजता येतं. अमेरिकेत १९९३ च्या कोक भट्टी नियमाबरोबर एक पद्धत आली, तिचा क्रमांक ३०३. ती इतकी साधी आहे की ऐकून हसू येतं. प्रशिक्षण घेतलेला, प्रमाणपत्र असलेला निरीक्षक बॅटरीच्या एका बाजूने नेहमीच्या चालीने चालत जातो, मग दुसऱ्या बाजूने. ज्या दरवाज्यातून धूर दिसेल त्याचा क्रमांक टिपतो. पाण्याची वाफ मोजायची नाही, धूरच मोजायचा, आणि हा फरक ओळखण्याचं त्याला शिक्षण दिलेलं असतं. ही पाहणी रोज होते आणि मर्यादा तीस पाहण्यांच्या सरासरीवर तपासतात. यंत्र नाही, सर्व्हर नाही. दोन डोळे, एक कागद आणि रोज.

अमेरिकेत सगळं छान आहे असं मात्र कुणी समजू नका. पिट्सबर्गजवळच्या क्लेअरटनच्या मोठ्या कोक कारखान्यात २४ डिसेंबर २०१८ रोजी आग लागली, वायूतलं गंधक काढणारी यंत्रणा बंद पडली आणि काही महिने तशीच राहिली. त्याच कारखान्यात ऑगस्ट २०२५ मध्ये स्फोट होऊन दोन कामगार गेले. रोज दरवाजे मोजूनही हे झालं. तेव्हा मोजणी हा रामबाण उपाय नाही. पण मोजणी असल्यामुळे तिथल्या नागरिकाला भांडायला हातात काही असतं. २०२४ मध्ये तिथे कारखान्याच्या कुंपणावर बेंझीन मोजण्याची अट नियमात आली. हे मागणं पुढे रेटायला आधीच्या आकड्यांचा उपयोग झाला असणार, हे उघड आहे.

आपल्याकडे ही पद्धत का नको? खर्च? एका निरीक्षकाचा पगार पोलाद कारखान्याच्या हिशेबात दिसणारही नाही. अडचण खर्चाची नाही. रोजचा आकडा लिहिला, की तो कधीतरी वाईटही येणार, हे मान्य करावं लागतं. आणि आपल्या अहवालाच्या भाषेत वाईट दिवसाला जागाच नाही.

शिक्षा, निर्देशांक आणि शहर

तीन गोष्टी भरभर सांगतो, कारण त्या याच प्रश्नाला चिकटलेल्या आहेत.

एक, शिक्षा. १९८१ च्या हवा कायद्यात उल्लंघनाला दीड ते सहा वर्षं तुरुंगवासाची तरतूद होती. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने बहुतेक उल्लंघनांसाठी तुरुंग काढून दंड आणला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं. काही लोक म्हणतात, तुरुंगात तसंही कोण जात होतं? त्यात तथ्य आहे. दंड पटकन आणि खात्रीने होणार असेल तर तो कागदावरच्या तुरुंगापेक्षा बरा. पण दंड करायला पुरावा लागतो. पुरावा कुठून येणार? ज्या तक्त्यात सगळीकडे ‘कम्प्लाइड’ आहे त्यातून?

दोन, आपल्या फोनवरचा हवा निर्देशांक. तो आठ प्रदूषकांवर निघतो. त्यात बेंझीन नाही आणि बेंझो-ए-पायरीनही नाही, राष्ट्रीय मानकांत दोन्ही असूनसुद्धा. म्हणजे कोक भट्टीशेजारच्या गावात फोनवर हिरवा ठिपका दिसला तरी त्या गावाच्या खास धोक्याबद्दल फोनला काही ठाऊक नसतं.

तीन, राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम. २०१९ मध्ये सुरू झाला, पुणे त्यात आहे. रस्ते झाडण्याची यंत्रं आली, निधी आला. पण तो कार्यक्रम शहरांचा. डोलवी त्यात नाही, कोप्पळ त्यात नाही. पुण्याने आपली हवा सुधारावी, जरूर सुधारावी. पण ज्या धुरावर आपलं ओतकाम उभं आहे तो धूर शहराच्या यादीत मावत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

मग आपण काय करायचं

आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. दरवाजे, झाकणं आणि नळांची तोंडं यांची पाहणी रोज व्हावी, भट्टीच्या क्रमांकासह लिहिली जावी आणि सहामाही अहवालाला ती वही जोडावी. ‘बीडीएल’ लिहिलं तर मर्यादेचा आकडा शेजारी लिहावा. बॅटरीच्या माथ्यावर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाची, ठेकेदाराच्या माणसाचीसुद्धा, नोंद त्याने काम सोडल्यावरही जपावी. व्यवसायजन्य कर्करोग हा कायद्याने कळवायलाच हवा असा आजार आहे. पण हा आजार यायला वीस-वीस वर्षं लागतात. तोवर ठेकेदार बदललेला, माणूस गावी गेलेला. मग कळवणार कोण आणि कुणाबद्दल?

आणि शेवटची मागणी भाषेची. जनसुनावणीच्या वेळी पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. कारखाना उभा राहीपर्यंत गावाशी मराठीत बोलायचं आणि उभा राहिला की इंग्रजीत, असं होतं. २०२० मध्ये अधिसूचनेच्या नव्या मसुद्याचं भाषांतर आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं होतं. मसुद्यासाठी जे रास्त, ते अनुपालनासाठी का नाही? डोलवीचा अहवाल मराठीत, आमोण्याचा कोकणी-मराठीत, बेविनहळ्ळीचा कन्नडमध्ये निघावा. मराठीत लिहायला बसलं की ‘कम्प्लाइड’ला ‘पालन केले’ म्हणावं लागेल, आणि मग वाचणारी बाई लगेच विचारेल : कोणी? कधी?

व्याख्यानानंतर श्रोत्यांकडून आलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं इथे देतो.

पहिला प्रश्न : तुमच्या अशा मागण्यांनी कारखाने बंद पडले तर कामगारांचं काय? आम्ही कारखाना बंद करा म्हणत नाही. कोकशिवाय झोतभट्टी चालवणं आज तरी मोठ्या प्रमाणावर शक्य झालेलं नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. दरवाजा नीट साफ करायला उलट माणसं जास्तच लागतील. आणि नोकरी टिकावी म्हणून फुप्फुस द्यावं, हा सौदा कामगाराने कधी केलेला नसतो. तो त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी केलेला असतो.

दुसरा प्रश्न : आम्ही पुण्यात बसून नेमकं काय करू शकतो? तुमच्यापैकी पुष्कळ जण अभियंते आहात, लेखापरीक्षक आहात, काहींकडे या कंपन्यांचे शेअर आहेत. भागधारकाला वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो. विचारा, की गेल्या वर्षी गळक्या दरवाज्यांची सरासरी किती होती? मंडळाकडची कागदपत्रं माहितीच्या अधिकारात मागता येतात. हवा कायद्याच्या ४३ व्या कलमाप्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकालाही न्यायालयात जाता येतं. पण सुरुवात वाचनाने करा. एक अहवाल काढा, उजव्या रकान्यावर पेन्सिल घेऊन बसा आणि जिथे कर्ता नाही, तारीख नाही, आकडा नाही, तिथे खूण करा. आम्ही असं पहिल्यांदा केलं तेव्हा पेन्सिल दोनदा तासावी लागली. पुढच्या महिन्यात याच जागी दहा-पंधरा जणांनी बसून एक अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा बेत आहे. ज्यांना यायचंय त्यांनी नावं द्यावीत. पेन्सिली आम्ही आणू.